मनोरा कलतोय

ती. दाजींना,

पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? ताईचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

दाजी, दुकानासमोरच्या चौकातला मनोरा कलतोय. थट्टा नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक येताजाता ज्याला हात जोडतात, तोच. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की भिंतीवरच्या आरशात त्याच्या डोक्यामागे मनोरा दिसतो, आणि मी कल्ले कापतो ते त्याच्याकडे बघून. (बाकीचे न्हावी अंदाजाने कापतात. म्हणून तर ते बाकीचे.) पण हल्ली गिऱ्हाइकं परत यायला लागलीत: एक कल्ला आखूड, एक लांब. हेडमास्तर तर गालावर रुमाल धरून आले. माझा हात चुकत नाही. मग चुकणार कोण?

मी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. मनोऱ्याची झाडलोट करणारा म्हातारा रोज सकाळी त्याच्या बुडाशी बादल्या ओततो. धुतो म्हणे. (इतकं धुवायला तिथे काय सांडतं?) मी नगरपालिकेत तक्रार केली, तेव्हा त्यांनी एक गवंडी पाठवला. त्याने मनोऱ्याला चहूबाजूंनी ओळंबा लावला आणि सांगितलं, मनोरा अगदी सरळ आहे. याचे हात कुणीतरी ओले केलेत हे मी तेव्हाच ओळखलं. तरी माणुसकी म्हणून पाणी प्यायला दुकानात बोलावलं, तर त्याने सहज चाळा म्हणून माझ्या दाराच्या चौकटीशी ओळंबा सोडला आणि पाणी न पिताच बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून दोघं येऊन माझ्या दुकानाच्या भिंतीवर खडूने फुली मारून गेले. भिंत सावरेपर्यंत दुकान बंद. बायको म्हणते, फळीवरच्या तेलाच्या बाटल्या कधीच्या एका बाजूला सरकतात, तिला वाटलं उंदीर असतील. ती आता त्यांच्या बाजूने बोलते. तिच्यावरही माझं लक्ष आहे.

कळावे,
तुमचा मेहुणा

ता. क. हे दुकान तुम्ही स्वतः उभं राहून बांधलंत, आणि पायाचं माझ्यावर सोड म्हणाला होतात, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नगरपालिकेत बांधणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मला मोठा ठसका लागला. ताईलाही मनोराच कललाय असं कळवलंय, तिला तुमचं फार कौतुक आहे. पण दाजी, लवकर या आणि भिंत सावरा. दुकान गेलं तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही.

आणखी एक. दुकानामागच्या खोलीत झोपायची आता बायकोला भीती वाटते. मुलांना घेऊन तुमच्याकडे राहायला येते म्हणते. पाठवतो. फक्त आधी एवढं कळवा, तुमचं राहतं घर कुणी बांधलं?