फळ्याच्या रंगाची मोटार

अण्णा, तुम्ही केलेली मोटार मी पाहिली. काळी आहे, वीतभर लांब आहे आणि चांगली झाली आहे. यातलं शेवटचं वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणं म्हणजे मुदत संपलेला दावा लावण्यासारखं आहे. पण मत्सराला मुदत नसावी. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलेत. पहिल्या पाचांत मी जेमतेम पास होतो. सहाव्यात मात्र पन्नाशीनंतर एकदम विशेष प्रावीण्य मिळालं आहे.

आधी मी तिथे कसा पोचलो ते सांगतो, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बघत राहाल. मी खेळण्यातल्या मोटारी जमवतो. लपूनछपून नव्हे, चारचौघांत. दर रविवारी सकाळी इथे नगरात माळीवाड्याजवळच्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही पाचसहा जण जमतो, सगळे केस पिकलेले किंवा गेलेले. खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या या मोटारींना आमच्यात 'एकास चौसष्ट' म्हणतात. कला चौसष्ट असतात एवढं तुम्ही शिकवलं होतंत. ही त्यांत बसत नाही, पण आकडा जुळतो म्हणून मी मनाची समजूत घातली आहे. आठवडाभर फोनवर गप्पा चालतात. कोणी लिहितो, 'आज बायको माहेरी. सगळ्या गाड्या पलंगावर मांडल्या आहेत.' लगेच दुसरा लिहितो, 'वाहतूक सुरळीत आहे ना?' या पातळीचं वाङ्मय. मी संस्कृत शिकवतो म्हणून मला सगळे शास्त्रीबुवा म्हणतात, आणि त्यात आदर किती, थट्टा किती, हे मी अजून सोडवून पाहिलेलं नाही.

आमच्यात दोन रिवाज आहेत. टेबलावर गाडी ठेवायची तर आधी तिची आठवण सांगायची. तोवर ती खिशातच. 'आधी स्मरण, मग दर्शन' हे त्याचं सूत्र मी करून दिलं. दुसरा रिवाज देवघेवीचा. विकायचं काही नाही, फुकट घ्यायचंही नाही. दुसऱ्याची गाडी हवी असेल तर आपली अशी द्यायची की देताना हात मागे यावा. हात मागे येतो की नाही हे आमचे दातांचे डॉक्टर पाहतात. ते गटाचे अध्यक्ष आहेत, निवडणूक न झालेले. माणसाला कुठे दुखतं हे ओळखणं हा त्यांचा धंदाच आहे. त्यांची स्वतःची पहिली गाडी म्हणजे शनिशिंगणापूरला वडिलांनी घेऊन दिलेली प्लॅस्टिकची जीप. "ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथं घेतली," ते दर वेळी सांगतात, "आणि नगरच्या स्टँडवर उतरेपर्यंत चोरीला गेली!" जीप नसल्यामुळे त्यांना नुसत्या स्मरणावर बसू देतात.

तर एका रविवारी डॉक्टरांनी आपला एक पेशंट आणला. मिरजगावचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, माझ्याहून जरा लहान. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरून बसला होता. मिरजगाव म्हटल्यावर मी कान टवकारले, पण तेवढंच. तिथल्या शाळेत तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलंत, आठवडाभर तिथे खोली करून राहिलात आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं आमच्याकडे येत राहिलात, हे काही त्याला भेटल्याबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हं, आधी आठवण." त्यानं घसा साफ केला.

"लहानपनी माझा पाय मोडला हुता. चालत्या बैलगाडीवरनं उडी मारली, दुसरं काय! पार मांडीपत्तुर प्लास्टर. आमच्या माडीवर एक गुरुजी भाड्यानं ऱ्हायचे. नगरचे. संस्कृत शिकवायचे. लई कडक मानूस, शाळंत पोरं त्यांची सावली बघून पळायची. पर रोज संध्याकाळी माझ्या खाटंपाशी येऊन बसायचे."

"शिकवायला?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई ओ. खेळायला."

अण्णा, या क्रियापदाला कर्ता म्हणून तुम्ही चालता हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला आणि सगळ्यांना वाटलं, कप गरम आहे. तो सांगतच होता. गुरुजींनी शाळेतून खडूची रिकामी लाकडी पेटी आणली. तिच्या फळ्यांची मोटार केली. औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं चाकांना लावली, शर्टाचं बटण स्टेअरिंगला. काचांना काय लावावं, तर त्याच्याच मोडक्या पायाचा एक्स-रे कापून निळसर काचा केल्या. आणि रंग? फळ्याला द्यायचा काळा रंग. त्यामुळे नंबरप्लेटवर खडूनं लिहिता यायचं, पुसता यायचं. "रोज नवा नंबर घालायचे. एक दिवस कलेक्टरची गाडी, एक दिवस कारखान्याच्या चेअरमनची. मग माझ्या प्लास्टरवरनं घाट चढवायचे. गुडघ्यापाशी आली की म्हनायचे, 'इंजिन तापलं, पाणी आणा!'" एवढं सांगून त्यानं टॉवेल सोडला.

मी ती उलटी केली. पोटाला, रंग न दिलेल्या लाकडावर, 'श्री' होता. तुमचा श्री. वरची वेलांटी उजवीकडे इतकी लांब नेलेली की खालच्या अक्षरावर छत्री धरल्यासारखी वाटावी. माझ्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ही छत्री होती. खाली पाऊस असायचा तो धातुरूपांचा.

तुम्ही शनिवारी येता. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पाटावर बसता, आई पोळी वाढते, आणि पहिला घास मोडायच्या आत तुम्ही विचारता, "कुठवर आलं?" मी भिंतीला टेकून उभा राहून म्हणू लागतो. मी म्हणतोय तोवर तुम्ही जेवता. मी अडलो की तुमचा हात ताटावर थांबतो. रागावत नाही तुम्ही, ओरडत तर कधीच नाही. नुसता हात थांबतो. आमटीवर साय धरते, आई तव्याकडे बघते, आणि सगळ्या घराचं जेवण माझ्या एका द्विवचनापाशी अडकून राहतं. एकदा मी रडवेला झालो तेव्हा तुम्ही म्हणालात, "रडून विभक्ती येत नाही." बरोबर होतं, नाहीच आली. वाढदिवसाला तुम्ही मला शब्दकोश दिलात. तो अजून वापरतो, उत्तम आहे. मिरजगावच्या पोराला त्याच हातांनी केलेली, घाट चढणारी मोटार मिळाली, हे त्यात कुठल्याही शब्दाखाली दिलेलं नाही.

डॉक्टरांनी मोटार हातात न घेता वाकून वाकून पाहिली. मग विचारलं, "गुरुजींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं का?"

"हुता की, एक पोरगा. नगरला. मी इचारलं हुतं एकदा, गुरुजी, तुमच्या पोराला बी केली का अशी? तर म्हनले, 'नाही रे. तो फार गंभीर आहे. त्याला असलं आवडत नाही.'"

मी म्हणालो, "तो मी."

डॉक्टर म्हणाले, "शास्त्रीबुवा, अजून एक चहा सांगू?" दंतवैद्याकडे यापलीकडचं भुलीचं इंजेक्शन नसावं. मिरजगावकर मात्र उठून उभा राहिला आणि माझे दोन्ही हात धरले. "गुरुजींचे तुमी? आगं आई! मग ही तुमचीच की ओ!" आणि त्यानं मोटार माझ्याकडे सरकवली. मी हात पुढे केला, खोटं कशाला बोलू, फार पटकन केला. पण डॉक्टर मध्ये आले. "नियम म्हणजे नियम. फुकट नाही. पुढच्या रविवारी शास्त्रीबुवा आपली एक आणतील, आणि मी त्यांचा हात बघणार."

त्या आठवड्यात मी रोज कपाट उघडून बसत होतो. गाड्या पुष्कळ आहेत, अण्णा. नोकरी लागल्यापासून घेतोय. सगळ्या कोऱ्या, कंपनीच्या वेष्टनात, प्लॅस्टिकच्या फुग्याआड. वेष्टन फोडलं की मोल जातं म्हणतात, म्हणून एकही फोडलेली नाही. एकेक उचलून मी समोर धरायचो, कोणाला तरी देतोय अशी कल्पना करायचो आणि हाताकडे बघायचो. हात मागे येत नव्हता. जपानची दिली, नाही आला. जर्मनीची दिली, नाही आला. बायकोनं दारातून विचारलं, "काय शोधताय एवढं?" मी म्हणालो, "दुःख." ती म्हणाली, "वरच्या खणात बघा," आणि निघून गेली. वरच्या खणातही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो. फोनवर आठवडाभर पैजा लागल्या होत्या, मी कोणती आणणार यावर, त्यामुळे झाडून सगळे हजर. मी सरळ सांगितलं की देण्याजोगी माझ्याकडे एकही नाही. एकजण म्हणाला, "एवढं कपाट भरलंय की!" डॉक्टर त्याला म्हणाले, "तू गप." मिरजगावकर विचार करत बसला. मग म्हणाला, "मग गाडी ऱ्हाऊ द्या. त्या बदल्यात गुरुजींचं कायतरी सांगा. घरचं. माडीवरचे गुरुजी मला ठावं हायेत, घरचे न्हाईत." आणि डॉक्टरांकडे वळून, "चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "चालेल. पण सांगताना जीभ मागे यायला पाहिजे."

मिरजगावकर जरा हसला. "तुमी नशीबवान ओ. शनवारी गुरुजी पिशवी घेऊन खाली उतरले की मी रडायचो. आई म्हनायची, रडू नगं, त्यांचं सोताचं पोर वाट बघत आसंल. मला तुमचा लई राग यायचा. तुमी कसं दिसता तेबी म्हाईत न्हवतं, तरी राग यायचा." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या एकट्याच्या मालकीचा वाटत होता तो सहावा शत्रू या माणसाकडे माझ्याही आधीपासून होता. शनिवारच्या त्या एसटीच्या एका टोकाला तो रडत होता आणि दुसऱ्या टोकाला मी द्विवचनं घोकत होतो.

आठवण होती माझ्याकडे. तुम्हाला ठाऊक आहे कोणती, किंवा कदाचित तुम्हालाच ठाऊक नसेल. रविवारी सकाळी आपण सायकलवरून भिंगारला आत्याकडे जायचो. मी पुढे दांडीवर, टॉवेलाच्या घडीवर. उतार लागला की तुम्ही पायडल थांबवायचा, आणि माझ्या डोक्यावर, अगदी वर, एक आवाज सुरू व्हायचा. बंद ओठांतून, घशाच्या तळापासून. घुर्रर्र. मग टाळ्याला जीभ लावून एक टक्, आणि आवाज वरच्या पट्टीत. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. वळणावर खाली यायचा, पुन्हा चढायचा. एकदा समोरून तुमचे मुख्याध्यापक आले, तेव्हा तिसऱ्या गिअरमधून तुम्ही एका झटक्यात शिवस्तुतीत शिरलात, आणि ते गेल्यावर पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात केलीत. मी ताठ बसायचो. हसू दाबायला दात ओठांत रुतवायचो. हसलो तर मला ऐकू येतंय हे तुम्हाला कळेल, तुम्ही ओशाळाल आणि थांबाल, अशी भीती वाटायची. तुम्हाला माझी फक्त पाठ दिसत होती. ती गंभीर होती, यात शंका नाही.

टेबलाशी मी एवढंच म्हणालो, "खरंच काही आठवत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, दात काढायच्या आधी पाहतात तसं. मिरजगावकरानं मोटार पुन्हा टॉवेलात बांधली. "आठवंल तवा सांगा. गाडी कुटं जात न्हाई." नंतर गप्पा पेट्रोलच्या भावाकडे वळल्या, तेही चौसष्टाव्या हिश्श्यानं.

या पत्राला पत्ता नाही, तेव्हा पोस्टाचा त्रास वाचला. पण इथे तुम्ही समजाल की मुलानं आपला ठेवा जपला, परक्याला दिला नाही. तसं समजू नका. द्यायला मी तयार होतो. मोटार फार हवी आहे मला. भीती दुसरीच होती. तो आवाज सांगून कळला नसता, काढूनच दाखवावा लागला असता. मी ओठ मिटून पहिला गिअर टाकीन, आणि दुसरा माझ्याआधी मिरजगावकर टाकील, अशी मला भीती वाटली.