सातवीच सांग

बुऱ्हाणपूर, बुधवारा
१० डिसेंबर १९५६

प्रभाकर यांस,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तुम्ही दोनदा मॅट्रिक नापास झालात, याचं मला कधी काही वाटलं नाही. पण मला बघायला येण्याआधी तुम्ही म्हणालात, "सातवीच सांग. जास्त शिकलेली सून आईला चालणार नाही." मी हो म्हटलं. दोन दिवस घोकलंही.

मग तुमच्या आईंनी विचारलं, "कितवी शिकली गं पोरी?" बाबा शेजारीच बसले होते. ते अंगठा लावतात. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅट्रिक पास."

"मग हिला चूल कशाला, कचेरी द्या," म्हणत तुमच्या आई चहा न घेताच उठल्या. तुम्ही खाली मान घातलीत.

महिनाभर मी स्वतःलाच बोल लावला. दिलेला शब्द मोडला, तुम्हाला चारचौघांत लाजवलं. काल नव्या मध्य प्रदेश राज्याचा हिंदी फॉर्म भरायला बसले, शिक्षिकेच्या जागेसाठी. 'शिक्षण' हा रकाना मोठ्यानं वाचला आणि हात थांबला. बाबा म्हणाले, "लिही ना बेटा, चोरी थोडीच केली?"

मी पोटभर रडले. पहिल्यांदाच मला माझा राग नाही, माझी माया आली. मग लिहिलं, आणि चक्क हसू आलं.

तुमचं लग्न दुसरीशी ठरल्याचं कळलं. अजून फार दुखतं. तिला तरी, आहे त्यापेक्षा लहान व्हायला सांगू नका.

तुमचं भलं चिंतणारी,
कोकिळा