किल्ली कोणाकडे आहे

बाई, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. आज पोळ्यांच्या वासाने तुमचं पुण्यातलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही कणीक मळताय, आम्ही चौघी ओट्यापाशी बसून जर्मन वाचतोय. बर्लिनमधल्या एका मोलकरणीची कादंबरी, शंभरेक वर्षांपूर्वी एका समाजवादी लेखिकेने लिहिलेली. तेव्हा तिथे मोलकरणीला नोंदवही असे. वहीशिवाय दुसरं काम मिळत नसे, आणि या गोष्टीत ती वही मालकिणीच्या कपाटात, कुलपात. मालकीण तिला आपले कपडे देते, आजारपणात सूप देते. मी निबंधात लिहिलं, मालकीण प्रेमळ आहे. तुम्ही पिठाच्या हातानेच कागद परत केलात. "प्रेमळ कसली डोंबलाची! किल्ली कोणाकडे आहे, ते लिही आधी." बाकीच्या हसल्या. मी रडवेली झाले, तेव्हा तुम्ही ते पुस्तकच मला देऊन टाकलंत.

ते इथे कुवेतमध्ये, सबाह अल-सालेमच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. त्याच्यावर आमचे तिघांचे पासपोर्ट आणि चौथा, आमच्याकडे राहून काम करणाऱ्या आंध्रच्या बाईचा. कायद्याने ठेवायचा नसतो. सगळेच ठेवतात.

रमजानच्या सुरुवातीला ती म्हणाली, "मॅडम, अम्मा बहुत बीमार है. पासपोर्ट दे दो. दस दिन में आती मैं." नवऱ्याने मला आत बोलावलं. "परत आली नाही तर? तिचा व्हिसा माझ्या नावावर आहे." मी बाहेर येऊन म्हटलं, "ईद के बाद जाना. तब तक मेरे पास सेफ है." आणि माझे दोन चांगले ड्रेस काढून तिला दिले.

ईदच्या चार दिवस आधी तिची आई गेली. मी पासपोर्टचं काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अब क्या जाना, मॅडम," आणि पोळपाट धुवायला घेतला. त्यानंतर तिने तो मागितलेला नाही.

आज पुस्तक काढलं. मोलकरीण वही न घेताच घर सोडते, त्या पानाच्या समासात तुमची पेन्सिल आहे: "कुठे जाईल?" पासपोर्ट स्वयंपाकघरात नेऊन तिच्या हातात दिला, असं तुम्हाला कळवायचं म्हणून लिहायला बसले होते. तो घेऊन दारापर्यंत गेले. ती पोळी लाटत होती. "कितनी बनाऊँ, मॅडम?" मी दहा सांगितल्या आणि परत आले.

हा कागद आता पुस्तकात ठेवते, वर चारही पासपोर्ट. तुम्ही आधी लिहायला सांगितलेलं वाक्य राहिलंय. किल्ली माझ्याकडे आहे, बाई.