वीट झालेली माती

मुक्काम सेमाडोह

माह्या नत्थूले मायचा पोटभर आशीर्वाद.

तुह्या बहिणीची पोरगी चालाले लागली. मी लय खुशीत हाये.

पण आपला जावई अकलेचा खंदक! कापसापायी रान जाळलं. जिथं वरवर गवत जळलं, तिथं सागाच्या खुंटांले लाल कोंब आले. जिथं यानं ओंडके रचून रात्रंदिवस जाळले, तिथं मातीची वीट झाली. पाणी मुरत नाही, सरकी उगवत नाही. तरी मिशीले पीळ देऊन म्हणते, "मामी, आग मोठी तं पीक मोठं."

म्या म्हटलं, "मंग चुलीतच पेर न बापा!"

सूनबाईचा खोकला थांबला काय?

तूबी बाभळी तोडून वावरात पेटवतो म्हणत होता. लाकडं घरी आण. आपली काळी माती भाजू नको, बापा.

तुह्यी माय