अक्कासाठी निरांजन

४ मार्च
मेल आली. आमचं दारूगोळ्याचं जहाज, माझी अक्का, रिटायर. आधी माल उतरवायचा, मग टग तिला ओढत जुन्या जहाजांच्या रांगेत नेऊन बांधणार. पुढे बोलावणं येईल किंवा भंगारात जाईल. मीही तिच्याबरोबरच रिटायर. अठरा वर्षं हिची इंजिनं सांभाळली. बायकोपेक्षा हिच्याशी जास्त बोललोय, आणि ते मेधाला ठाऊक आहे.

५ मार्च
फोनवर मेधा, "बाप्पाचं काय करणार?" पहिल्या दिवशी तिनंच बर्फीच्या डब्यातून सुपारीचा गणपती दिला होता. अजून कंट्रोल रूमच्या फळीवर आहे. इथे उघडी ज्योत चालत नाही, म्हणून पुढे बॅटरीचा दिवा. "त्याला निरांजन म्हणत नाहीत," हे अठरा वर्षं ऐकतोय. यंदा सुट्टीवरून निघताना, रिटायरमेंटची कुजबुज ऐकून, तिनं निरांजन आणि तुपातली फुलवात दिली. अक्का रिकामी झाली की लावायची. भंगारात गेली तर गॅसकटर लागणारच. त्याआधी आपली ज्योत लागू दे.

११ मार्च
माल उतरतोय, मास्टवर धोक्याचा लाल बावटा. अक्कानं स्वतः एकही गोळा झाडला नाही. भर समुद्रात लढाऊ जहाजाच्या बरोबरीनं चालायचं, मधल्या तारेवरून पेट्या सरकवायच्या. जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या बिचारीनं. फार जीव आहे माझा हिच्यावर.

१४ मार्च
दुपारी बावटा उतरला. कॅप्टननं परवानगी दिली, एक मिनिट. इलेक्ट्रिशियन बेनी एक्स्टिंग्विशर घेऊन मागे उभा, नवरीच्या मामासारखा गंभीर. वात ठेवली, हात जोडले. आणि काडेपेटी?
अख्ख्या जहाजावर एक काडी नाही. लायटर नाही. स्वयंपाकाची शेगडी विजेची, वर्कशॉपचं वेल्डिंगचं सामान आधीच उतरवलेलं.
बेनी म्हणाला, "चीफ, अठरा वर्षं सगळ्यांचे खिसे तूच चेक केलेस."
सगळे हसले. मीही हसलो, आणि मग डोळेच भरून आले.

१५ मार्च
मेधा अ‍ॅशबर्नच्या घरून ड्राइव्ह करत बंदराच्या गेटवर आली, पर्समध्ये काडेपेटी. गार्डनं काढून घेतली. शेजारच्या धक्क्यावर दुसऱ्या जहाजात दारूगोळा भरत होते. गार्डच्या जागी मीही तेच केलं असतं, म्हणून भांडताही येईना.
टग अक्काला घेऊन गेला. इंजिन बंद, त्यामुळे आवाज नाही. असं मुकाट जाताना तिला कधी पाहिलं नव्हतं.
"बाप्पाला आणलंस?"
"नाही. तिला एकटीला कसं पाठवायचं?"
मेधा म्हणाली, "बरं केलंस. आणि वात?"
"बाप्पापुढेच."

२२ मार्च
घरी. संध्याकाळी मेधानं देवापुढे घरचं निरांजन लावलं. मी ताडकन उठलो, विझवायला हात पुढे. सवय!
"अरे, बस. घर आहे हे," म्हणाली. हात धरून बसवलं.
बेनीचा मेसेज आला. अक्काचं अजून काही ठरलेलं नाही.
नवी काडेपेटी आणलीय. मेधाला सांगितलंय, ही अक्काची, स्वयंपाकघरात वापरायची नाही.