शके ९४३, रौद्र संवत्सर

३ मार्च २००८
आप्पांच्या ताम्रपटांवरच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ कसब्यातल्या छापखान्यातून आणलं. आप्पा जाऊन पाच महिने झाले, मुलगा म्हणून आता तपासायचं मी. ताम्रपटातलं मला ओ की ठो कळत नाही. खराडीला बँकेच्या सॉफ्टवेअरमधले तारखांचे बग काढतो, तेवढंच.

४ मार्च
मुख्य लेख. ताम्रपटात शके ९४३, रौद्र संवत्सर. आप्पांचं गणित : ९४३ अधिक ७८, इ.स. १०२१. पण त्या साली संवत्सर येतं दुर्मती, रौद्रच्या पुढचं. निष्कर्ष : कोरणारा चुकला. बिचाऱ्याला चार पानं झोडपलाय, अस्सल पुणेरी. वाचताना आप्पांचा आवाज थेट कानात. मागे वळून पाहिलं, खरंच.

६ मार्च
जेवताना आईनं परत काढलं. "पेपरात निधनाच्या बातमीत तू यांचं वय सत्तर छापलंस. सत्तरावं लागलं होतं रे. पूर्ण कुठे झालं?"
घास हातातच राहिला. कोरणाऱ्यानंही लागलेलं, म्हणजे वर्तमान वर्ष लिहिलं असेल तर? पूर्ण झालेली ९४२, ७८ मिळवायचे ते त्यांत. म्हणजे इ.स. १०२०. एक्सेलमध्ये मांडलं. रौद्र. बरोब्बर.
तो चुकला नव्हता. आप्पा चुकले.

७ मार्च
ऑफिसात लक्ष नाही. तो कोरणारा समोरच्या खुर्चीत बसलाय असं वाटत राहतं. आप्पांचा आवाज बंद. भीती वाटते, नक्की कुणाची ते...

९ मार्च
आप्पांचं हस्तलिखित काढलं. ९४३ शेजारी कागद खरवडलेला. खिडकीशी तिरका धरला तर पेन्सिलीचा ठसा : 'वर्तमान? पुन्हा पाहणे.' त्यांचंच अक्षर.
आईला सहज विचारल्यासारखं केलं. "पेन्सिलीचं सगळं मीच खोडलं. हे हॉस्पिटलात, छापखान्याचा तगादा. गिचमिड कागद कसे द्यायचे?"
"बरं केलंस," म्हणालो.

१० मार्च
छापखान्यातून फोन. "उद्या मशीनवर चढवतोय. दुरुस्ती असेल तर आत्ता सांगा." संध्याकाळपर्यंत मुदत मागितली.
चार पानं काढली तर आईला कळणारच, ओळन् ओळ पाठ आहे तिला. ठेवली तर त्या कोरणाऱ्यावर कायमचा ठपका, आणि आप्पांना शंका आली होती हे माझ्यापाशीच राहणार.
आई चहा घेऊन आली. कप ठेवून जाताना दारात थांबली, प्रूफाकडे बघत. "मी खोडलं त्यात काही महत्त्वाचं नव्हतं ना रे?"
चहा निवला. ती अजून दारात आहे.