पाहुण्यांनी न खाल्लेली मासवडी

आई, नेपाळहून परत येऊन महिना होत आला, तरी तुझ्यावरचा राग काही उतरत नाही. मेलेल्या माणसावर इतकं रागावणं बरं नव्हे, कळतं मला. पण तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते, आणि तू असताना तुझ्यावर रागवायची कुणाची छाती होती!

त्या वर्षी आपल्या घाटघरच्या शाळेत परदेशी डॉक्टर आले होते, तीन दिवसांच्या शिबिराला. तू पहाटेच उठून मासवडी करायला बसलीस. आपल्या डोंगरात कोण कशाला तो खटाटोप करील? पण तुझं माहेर राजुरीचं, पाहुणे आले की तिथली ऐट दाखवायचीच. घरभर तीळ-खोबरं भाजल्याचा वास, ओल्या फडक्यावर तू बेसन थापतेयस आणि मला दटावतेयस, "हात लावू नगंस, आदी पावणं जेवतील." दुपारी टोपली घेऊन आपण शाळेत गेलो. त्यांनी तुझं ब्लडप्रेशर मोजलं, ते भलतंच चढलेलं निघालं, आणि त्यांच्यातल्या एका गोऱ्या डॉक्टरबाईंनी तुझ्या हातात गोळ्या ठेवल्या. तू लगेच त्यांच्यापुढे ताट मांडलंस. त्या हसल्या, हात जोडले, ताटाचा फोटो काढला आणि जीपमध्ये जाऊन पुड्यातली बिस्किटं खात बसल्या. "वैनी, त्यांना बाहेरचं चालत न्हाई," गुरुजी म्हणाले. "बाहेरचं कसं? माज्या घरातलं हाय ह्ये." मग तू गोळ्या बाकावर परत ठेवल्यास. "ज्यांना माज्या हातचं चालत न्हाई, त्यांच्या हातचं मला कसं चालंल?"

गुरुजींनी विनवलं, निदान सरकारी दवाखान्यात तरी जा. "मला काय झालंय? धडधाकट हाय मी," म्हणालीस. पुढच्या भातलावणीआधी तू चुलीपाशी कोसळलीस. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मी चमच्याने नाचणीची पेज भरवायचे आणि ती तुझ्या ओठांतून गळायची. अशीच गेलीस.

मी नर्स झाले ती तुझ्यामुळेच, असं लोक कौतुकाने म्हणतात. मंचरच्या ज्या दवाखान्यात आहे, तिथल्या डॉक्टरांनी यंदा आम्हा काहीजणांना नेपाळच्या डोंगरात दहा दिवसांच्या मोफत शिबिराला नेलं. त्यांचा पहिलाच नियम: गावात कुणाकडे जेवायचं नाही, पाणीसुद्धा बाटलीतलंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्याच वयाची एक बाई आली, तुझ्यासारखंच चढलेलं ब्लडप्रेशर. मी गोळ्या दिल्या, तर तिने हात धरून घरी ओढलं. मी नियम गुंडाळून ठेवला आणि गेले. नाही जेवले तर ही गोळ्या फेकून देईल, एवढंच डोक्यात होतं. तिने नाचणीचं ढिंडो वाढलं, म्हणजे आपल्या उकडीसारखंच, वर पालेभाजीचा रस्सा. मी चाटूनपुसून खाल्लं. तिची सून दिल्लीत राहून आलेली, तिला हिंदी येत होती. तिच्यामार्फत मी विचारलं, मी जेवले नसते तर सासूबाईंनी गोळी घेतली असती का? सासू खो खो हसली. सून म्हणाली, "दीदी, खाना अलग, दवा अलग. दवा क्यों छोड़ेंगी?"

एवढं सोपं होतं, आई. त्या बाईला ते कळतं, तुला का कळू नये?

त्याच रात्रीपासून मला जुलाब-उलट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी शिबिरातलं माझं तपासणीचं टेबल बंद राहिलं. डोंगर उतरून आलेल्या बायांना तपासल्याशिवाय परत पाठवलं. "नियम उगाच नसतात," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि तेच जास्त लागलं. म्हणजे तुझ्या त्या बिस्किटं खाणाऱ्या बाईंचंही चुकलं नव्हतं. त्यांनी तुझा अपमान केला नव्हता, त्यांना फक्त पुढच्या बाया तपासायच्या होत्या. एका ताटावरून तू जीव दिलास, आणि मला कुणाच्या भरवशावर सोडून गेलीस?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी तू गोळ्या बाकावर ठेवल्यास, टोपली डोक्यावर घेतलीस आणि सगळ्या शाळेदेखत ताठ चालत निघालीस. मी तुझ्यामागून चालत होते, आणि मला तुझा लई अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. राग त्याचाच येतो.